मेणाच्या ब्लॉकमधली गाठ आणि हरवलेले संप्रेरक

पाळी जाऊन बरीच वर्षे झालेल्या एखाद्या स्त्रीला पुन्हा रक्तस्राव सुरू होतो. तपासणीत गर्भाशयाचे अस्तर जाड झालेले दिसते, सोनोग्राफीत एका अंडाशयात गाठ सापडते, शस्त्रक्रिया होऊन गाठ निघते आणि रक्तस्रावही थांबतो. सगळे स्थिरस्थावर झाल्यावर घरातल्या कुणाच्या तरी मनात प्रश्न येतो, की ती गाठ इस्ट्रोजेन तयार करत होती का? शस्त्रक्रियेआधी रक्तातली पातळी तपासायची राहून गेलेली असते, आणि आता गाठच नसल्यामुळे रक्तात शोधण्यासारखे काही उरलेले नसते. पण गाठीचे तुकडे प्रयोगशाळेत मेणाच्या ब्लॉकमध्ये जपून ठेवलेले असतात. मग त्या तुकड्यांतच इस्ट्रोजेन शोधले तर?

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि तो केवळ घरच्यांनाच पडलेला नाही. गेली सुमारे पन्नास वर्षे विकृतिशास्त्रज्ञ, म्हणजे पॅथॉलॉजिस्ट, याच प्रश्नाशी झगडत आले आहेत. मेणात जपलेल्या ऊतीमध्ये स्टेरॉइड संप्रेरक 'दिसले' असे सांगणारे शोधनिबंध प्रसिद्ध झाले, त्यांवर शंका घेतल्या गेल्या आणि पुढे शोधाची दिशाच बदलली. हा बदल का झाला हे समजले, तर आपल्या हातातल्या रिपोर्टमधले अनेक शब्दही समजू लागतात.

स्टेरॉइड संप्रेरक इतरांपेक्षा वेगळे कसे?

संप्रेरक म्हणजे हॉर्मोन: शरीरातल्या एका ठिकाणी तयार होऊन रक्तावाटे दुसऱ्या ठिकाणी निरोप पोहोचवणारे रसायन. रासायनिक दृष्टीने यांच्या दोन मोठ्या जाती आहेत. इन्सुलिनसारखी संप्रेरके प्रथिनांची बनलेली असतात. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि टेस्टोस्टेरॉन ही मात्र स्टेरॉइड, म्हणजे कोलेस्टेरॉलपासून घडवलेली संप्रेरके आहेत. कोलेस्टेरॉलच्या रेणूत कार्बनचे २७ अणू असतात. पेशी त्याची काटछाट करत २१ कार्बनचे प्रोजेस्टेरॉन, १९ कार्बनचे टेस्टोस्टेरॉन आणि शेवटी १८ कार्बनचे इस्ट्रॅडिऑल, म्हणजे मुख्य इस्ट्रोजेन, तयार करते.

या फरकातून आपल्या कामाच्या तीन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे आकार. इन्सुलिनचा रेणू ५१ अमिनो आम्लांचा असतो आणि इस्ट्रॅडिऑलच्या रेणूपेक्षा वीसपटींहून अधिक जड असतो. दुसरी म्हणजे विद्राव्यता. स्टेरॉइड पाण्यात फारच कमी विरघळते, पण अल्कोहोलमध्ये आणि मेद विरघळवणाऱ्या द्रवांमध्ये सहज विरघळते. तिसरी गोष्ट सर्वांत कमी बोलली जाते आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. इन्सुलिन तयार करणारी पेशी आपला माल बारीक कणांत भरून साठवून ठेवते, परंतु स्टेरॉइड तयार करणारी पेशी माल साठवत नाही. रेणू तयार झाला की तो पेशीच्या मेदयुक्त आवरणातून झिरपून बाहेर पडतो. म्हणून रक्तात इस्ट्रोजेनचा पूर लोटणाऱ्या गाठीच्या पेशीतसुद्धा कोणत्याही एका क्षणी तयार इस्ट्रोजेन थोडेच असते.

गाठीचा ब्लॉक कसा होतो?

शस्त्रक्रियेत निघालेली गाठ फॉर्मॅलिनमध्ये टाकली जाते. ऊतीचे हे 'स्थिरीकरण' फॉर्मॅलिनने उत्तम होते, हे १८९३ मध्ये फर्डिनांड ब्लुम यांनी नोंदवले आणि आजही जगभर हीच पद्धत वापरली जाते. फॉर्मॅलिनमधले फॉर्माल्डिहाइड प्रथिनांमधल्या अमिनो गटांना, म्हणजे नायट्रोजन असलेल्या जागांना, धरून शेजारच्या प्रथिनांशी त्यांचे टाके घालते. प्रथिनांचे असे जाळे विणले गेले, की ऊती कुजत नाही, पेशींचा आकार टिकतो आणि प्रथिने जागच्या जागी खिळून राहतात. परंतु इस्ट्रॅडिऑल, टेस्टोस्टेरॉन किंवा प्रोजेस्टेरॉन यांच्या रेणूत अमिनो गट नसतोच. टाका घालायला जागाच नसल्यामुळे फॉर्मॅलिन त्यांना पकडू शकत नाही, आणि ती जाळ्याच्या आत मोकळीच राहतात.

खरी अडचण यापुढे आहे. फॉर्मॅलिनमधून काढलेला तुकडा चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून नेतात, म्हणजे आधी साधारण ७० टक्के आणि शेवटी पूर्ण १०० टक्के. हेतू एवढाच, की ऊतीतले सगळे पाणी निघून जावे, कारण पाणी असेल तर मेण आत शिरत नाही. मग अल्कोहोल काढण्यासाठी झायलीन हा द्रव वापरतात, आणि शेवटी सुमारे ६० अंश सेल्सिअसला वितळलेल्या पॅराफिन मेणात तुकडा मुरवतात. मेण थंड झाले की बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा, घट्ट, पांढुरका ब्लॉक हाती येतो. मायक्रोटोम नावाच्या यंत्राच्या पात्याखाली तो ठेवला, की चार मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचे काप एकमेकांना चिकटून फितीसारखे बाहेर पडतात. असे पंधरा-वीस काप एकावर एक ठेवले तर कुठे एका केसाची जाडी भरेल. ही फीत कोमट पाण्यावर तरंगत ठेवली की सुरकुत्या निघतात, आणि मग काच पाण्यात बुडवून अलगद वर घेत काप उचलला जातो. त्यानंतर रंग देण्यासाठी मेण काढावे लागते, म्हणजे पुन्हा झायलीन आणि पुन्हा अल्कोहोल.

कपड्यावरचा तेलाचा डाग नुसत्या पाण्याने निघत नाही, पण पेट्रोलने किंवा रॉकेलने निघतो, हे आपण जाणतो. स्टेरॉइड संप्रेरके त्या तेलाच्या डागासारखी आहेत, आणि आपण ती ऊती अल्कोहोल व झायलीनमधून जाताना एकदा आणि येताना एकदा धुऊन काढलेली असते. कापड रंगवणाऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर प्रथिने हा पक्का रंग आणि स्टेरॉइड हा कच्चा रंग. दोन धुण्यांनंतर कापडावर कोणता रंग राहील हे वेगळे सांगायला नको.

धुपल्याचा पुरावा डोळ्यांना दिसतो का?

दिसतो, आणि त्यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागत नाही. स्टेरॉइड बनवणाऱ्या गाठी ताज्या असताना कापल्या, तर आतला भाग पुष्कळदा पिवळाधमक दिसतो. हा पिवळेपणा कच्च्या मालाचा असतो: कोलेस्टेरॉलचे साठे पेशींमध्ये मेदाच्या थेंबांच्या रूपात भरलेले असतात. हीच गाठ ब्लॉकमधून काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर त्या पेशींमध्ये पिवळे थेंब दिसत नाहीत. त्यांच्या जागी रिकाम्या, गोल पोकळ्या दिसतात आणि पेशीचा उरलेला भाग फेसाळ वाटतो.

त्या पोकळ्या थेंबांच्या रिकाम्या खोल्या आहेत. थेंब अल्कोहोलमध्ये आणि झायलीनमध्ये विरघळून गेले, भिंती तेवढ्या राहिल्या. विकृतिशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी 'फेसाळ पेशी' हे स्टेरॉइड पेशींचे लक्षण म्हणून शिकतो. तो फेस म्हणजे काहीतरी वाहून गेल्याची खूण आहे, हे मात्र लक्षात राहत नाही. भरपूर प्रमाणात साठवलेला मेद जिथे टिकला नाही, तिथे त्याच द्रवांत विरघळणारे, अत्यल्प प्रमाणात असलेले आणि कशालाही टाक्याने न बांधलेले संप्रेरक टिकले असेल, हे मानायला भक्कम पुरावा लागेल. या लेखातले मुख्य म्हणणे हेच आहे.

मग सत्तरच्या दशकात दिसलेला तपकिरी रंग कशाचा?

हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे. प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, हे विशिष्ट रेणू ओळखून त्याला चिकटणारे प्रथिन असते. पॉल नाकाने आणि बॅरी पिअर्स यांनी १९६६ मध्ये प्रतिपिंडाला पेरॉक्सिडेज नावाचे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, जोडण्याची पद्धत मांडली. असा प्रतिपिंड जिथे चिकटतो तिथे योग्य रसायन घातले की तपकिरी रंग उमटतो. यालाच इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री म्हणतात आणि रिपोर्टमध्ये ती 'आयएचसी' या आद्याक्षरांनी येते. क्लाइव्ह टेलर यांनी १९७४ मध्ये ही पद्धत नेहमीच्या मेणाच्या ब्लॉकवरही चालते हे दाखवल्यावर जुन्या ब्लॉकांनी भरलेली कपाटे एकाएकी संशोधनासाठी खुली झाली. तो उत्साह समजण्यासारखा होता.

त्याच उत्साहात रॉबर्ट कुर्मन, टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ आणि १९७९ मध्ये अंडाशयाच्या सर्टोली-लायडिग आणि ग्रॅन्युलोसा-थीका प्रकारच्या गाठींमध्ये स्टेरॉइड संप्रेरके ऊतीच्या पातळीवर दाखवल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. या गाठी संप्रेरके बनवतात हे रुग्णांच्या लक्षणांवरून माहीत होतेच, त्यामुळे रंग अपेक्षित ठिकाणी उमटला आणि निष्कर्ष पटण्यासारखा वाटला. मला या संशोधकांच्या प्रामाणिकपणाबद्दल यत्किंचितही शंका नाही. मेणाच्या ब्लॉकवर प्रतिपिंड वापरण्याचा जो पाया त्यांनी घातला, त्यावर आजचे निम्मे निदानशास्त्र उभे आहे. प्रश्न एवढाच आहे, की प्रतिपिंड ज्याला चिकटला ते खरोखर संप्रेरकच होते का?

थोडेसे संप्रेरक एखाद्या प्रथिनाला घट्ट बिलगून जाळ्यात अडकून राहिले असेल, ही शक्यता तत्त्वतः नाकारता येत नाही. परंतु तसा रंग दिसण्याची दुसरी कारणेही त्याच पेशींमध्ये मुबलक असतात. जुन्या स्टेरॉइड पेशींमध्ये लिपोफ्युसिन नावाचे रंगद्रव्य साचते आणि ते मुळातच तपकिरी असते. लाल रक्तपेशींसह काही पेशींमध्ये पेरॉक्सिडेजसारखी क्रिया अंगभूत असते, तीही तपकिरी रंग उमटवते. रंग गडद करण्यासाठी ज्या पद्धतींत बायोटिन हे जीवनसत्त्व वापरतात, तिथे पेशीतले स्वतःचे बायोटिन घोटाळा करते, आणि ते मायटोकाँड्रियांमध्ये, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या बारीक भागांमध्ये, असते. स्टेरॉइड बनवणाऱ्या पेशी मायटोकाँड्रियांनी भरलेल्या असतात. म्हणजे ज्या पेशीत संप्रेरक सापडावे अशी आपली अपेक्षा असते, नेमकी तीच पेशी खोटा रंग दाखवायलाही सर्वांत तयार असते. या अडचणींवर उपाय आहेत, पण ते केले आहेत की नाही हे रंगाकडे पाहून कळत नाही.

प्रतिपिंड अचूक असेल तर शंका कशासाठी?

प्रथिनांविरुद्ध अचूक प्रतिपिंड बनवणे तुलनेने सोपे असते. स्टेरॉइडच्या बाबतीत तसे नाही, कारण एवढ्या लहान रेणूची प्राण्याची प्रतिकारशक्ती दखलच घेत नाही. म्हणून टेस्टोस्टेरॉनला एक रासायनिक दांडी जोडून ते अल्ब्युमिनसारख्या मोठ्या प्रथिनावर बसवतात, आणि ते सगळे मिळून प्राण्याला टोचतात. आता प्रतिकारशक्तीला काय दिसते? दांडी जिथे जोडली तो भाग झाकला जातो आणि उलट्या बाजूचा भाग ठळक दिसतो. एखाद्या माणसाचा फक्त पाठमोरा फोटो देऊन त्याला गर्दीत ओळखायला सांगावे, तशी ही गत आहे.

एक उदाहरण जवळून पाहू. टेस्टोस्टेरॉन आणि डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन यांच्यात फरक आहे तो रेणूच्या एका टोकाच्या कड्यातल्या एकाच दुहेरी बंधाचा. दांडी जर त्याच कड्यावर, तिसऱ्या क्रमांकाच्या कार्बनला जोडली, तर फरकाची जागाच झाकली जाते, आणि त्यातून मिळालेला प्रतिपिंड दोघांनाही जवळजवळ सारखाच चिकटतो. रक्ततपासणीत ही अडचण आधी वेगळे करून घेण्याच्या पायऱ्यांनी सावरता येते. काचेवरच्या कापात मात्र शेकडो स्टेरॉइड, हजारो प्रथिने आणि त्यांचे तुकडे एकाच जागी असतात, आणि वेगळे करण्याची पायरीच नसते.

यावर अभ्यासक असे म्हणतात, की प्रतिपिंडात आधी शुद्ध संप्रेरक मिसळून पाहा. त्यामुळे रंग नाहीसा झाला तर प्रतिपिंड खरा. ही चाचणी आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. तिने इतकेच सिद्ध होते, की रंग प्रतिपिंडाच्या ओळखीच्या जागेमुळे आला. ती जागा ऊतीतल्या भलत्याच रेणूला चुकून चिकटत असेल, तरीही शुद्ध संप्रेरकाने ती भरून टाकल्यावर रंग जाणारच. कुलपात एक किल्ली अडकवून ठेवली तर दुसरी कोणतीच किल्ली त्यात शिरत नाही, मग ती खरी असो की बनावट.

इन्सुलिनशी तुलना केली की फरक उघड होतो. स्वादुपिंडाच्या जुन्या ब्लॉकमध्येही इन्सुलिन उत्तम रंगते, कारण ते प्रथिन आहे, साठवलेले आहे आणि फॉर्मॅलिनने खिळवलेले आहे. त्या यशामुळेच, प्रथिन-संप्रेरकाला जे लागू पडते ते स्टेरॉइडलाही लागू पडेल असा समज झाला असावा, असे मला वाटते.

आजची यंत्रे इतकी संवेदनशील आहेत, ती तरी शोधतील ना?

मास स्पेक्ट्रोमेट्री म्हणजे रेणूंना विद्युतभार देऊन त्यांचे वस्तुमान मोजण्याची पद्धत. स्टेरॉइड मोजण्यासाठी तिच्याइतकी विश्वासार्ह दुसरी पद्धत आज नाही. निरोगी स्त्रीच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन दर डेसिलिटरला काही दहा नॅनोग्रॅम असते, आणि नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. एवढी सूक्ष्म मात्राही ही यंत्रे मोजतात. ताज्या किंवा गोठवलेल्या ऊतीतून स्टेरॉइड काढून तीही मोजता येतात.

ब्लॉकच्या बाबतीत मात्र संवेदनशीलता ही मूळ अडचणच नाही. समजा, ब्लॉकमधून थोडे टेस्टोस्टेरॉन निघाले. ते मूळच्या निम्मे होते, की हजारावा हिस्सा? मोजमापातील गळती भरून काढण्यासाठी प्रयोगशाळा जड हायड्रोजनची खूण असलेले तेच संप्रेरक ठरावीक मात्रेत मिसळते आणि शेवटी ते किती परत मिळाले हे पाहते. युक्ती उत्तम आहे, पण ती मिसळल्यानंतरच्या गळतीचा हिशोब देते. काही वर्षांपूर्वी झालेल्या अल्कोहोल-झायलीनच्या धुण्यात काय गेले, याचा हिशोब ती देऊ शकत नाही. शिवाय 'सापडले नाही' याचा अर्थ 'नव्हते' असाही घेता येत नाही. धुण्याच्या वेळी विरघळलेले संप्रेरक ऊतीतच इकडून तिकडे सरकू शकते, त्यामुळे ते जिथे सापडले तिथेच तयार झाले असेही म्हणता येत नाही.

ऊतीच्या कापावरच ठिकठिकाणचे रेणू मोजून नकाशा काढण्याची पद्धतही आता उपलब्ध आहे. तिच्यातही एक पेच आहे. टेस्टोस्टेरॉन आणि डीएचईए या दोन वेगळ्या संप्रेरकांचे रासायनिक सूत्र एकच आहे: कार्बन १९, हायड्रोजन २८, ऑक्सिजन २. वजन तंतोतंत सारखे, मग केवळ वस्तुमानावरून ओळखायचे कसे? रेणूंना आधी रांगेत वेगळे करणारी पायरी द्रवाच्या नमुन्यात जोडता येते, नकाशात ती सहजी जोडता येत नाही. स्टेरॉइडचा क्षीण संकेत वाढवण्यासाठी त्यांच्या कीटोन गटाला, म्हणजे कार्बनला ऑक्सिजन दुहेरी बंधाने जोडलेल्या जागेला, विद्युतभार असलेले शेपूट जोडतात. पण इस्ट्रॅडिऑलच्या रेणूत कीटोन गटच नसल्यामुळे नेमके तेच या जाळ्यातून निसटते आणि त्याच्यासाठी वेगळे रसायन वापरावे लागते. ही तंत्रे गोठवलेल्या ऊतीवर फार सुंदर काम करतात. मेणातल्या ऊतीवर ती वापरताना आधीचे धुणे विसरून चालत नाही.

माल नसेल, तर कारखाना शोधावा

छापखान्यातून छापलेले सगळे कागद वाऱ्याने उडून गेले, तरी खिळे, साचे आणि यंत्रे जागेवर असतात आणि तिथे काय छापले जात होते याचा अंदाज त्यांवरून बांधता येतो. स्टेरॉइडच्या बाबतीत ही यंत्रे म्हणजे विकरे, आणि विकरे प्रथिने असल्यामुळे फॉर्मॅलिन त्यांना घट्ट खिळवून ठेवते. ऊती तापवून प्रथिनांची झाकलेली ओळख पुन्हा उघडी करण्याची पद्धत १९९१ मध्ये शान-रोंग शी आणि सहकाऱ्यांनी मांडल्यावर तर जुन्या ब्लॉकमधली प्रथिनेही चांगली दिसू लागली. जपानी विकृतिशास्त्रज्ञ हिरोनोबु सासानो आणि इतरांनी अंडाशयात व त्याच्या गाठींमध्ये ही विकरे कोणत्या पेशीत असतात याचा पद्धतशीर अभ्यास केला, आणि शोधाची दिशा मालाकडून कारखान्याकडे वळली.

कारखान्यातला क्रम असा आहे. स्टार नावाचे प्रथिन कोलेस्टेरॉलला मायटोकाँड्रियाच्या आत नेते. तिथले पहिले विकर कोलेस्टेरॉलची बाजूची साखळी तोडते. त्यातून आलेल्या रेणूचे प्रोजेस्टेरॉन बनवणारे विकर वेगळे, अँड्रोजेन म्हणजे पुरुषी गुणांची संप्रेरके बनवण्याकडे वळवणारे वेगळे, आणि अँड्रोजेनचे इस्ट्रोजेन करणारे शेवटचे विकर म्हणजे अ‍ॅरोमाटेज. या सगळ्या विकरांची जनुके चालू करण्यात एसएफ-१ नावाच्या प्रथिनाचा मोठा वाटा असतो. तुमच्या रिपोर्टमध्ये 'एसएफ-१ पॉझिटिव्ह' असे लिहिलेले असेल, तर त्याचा सरळ अर्थ असा, की या पेशी स्टेरॉइड बनवणाऱ्या घराण्याच्या आहेत. इनहिबिन आणि कॅलरेटिनिन हे शब्दही याच घराण्याची ओळख पटवण्यासाठी येतात. घराणे कळले म्हणजे ही विशिष्ट पेशी खरोखर संप्रेरक बनवत होती हे कळले, असे मात्र नाही, कारण या घराण्यातल्या अनेक गाठी काहीही बनवत नाहीत.

ब्लॉकमध्ये डीएनएसुद्धा टिकतो, जरी त्याचे तुकडे झालेले असले तरी. प्रौढ प्रकारच्या ग्रॅन्युलोसा पेशींच्या गाठीत फॉक्सएल-२ या जनुकातले एकच अक्षर बदललेले असते, हे २००९ मध्ये उघड झाले, आणि त्या अभ्यासात पुढे तपासलेल्या ८९ गाठींपैकी ८६ गाठींमध्ये तो बदल सापडला. ही गाठ इस्ट्रोजेन बनवण्यासाठी प्रसिद्ध आहे. त्यामुळे जुन्या ब्लॉकमधून हा बदल सापडणे, हे कोणत्याही तपकिरी डागापेक्षा कितीतरी भक्कम जमिनीवर उभे असते.

विकर आहे म्हणजे संप्रेरक बनतच होते का?

नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवे. यंत्र जागेवर असणे आणि यंत्र चालू असणे यांत फरक आहे. मेणात जपलेले विकर मृत असते, त्यामुळे ते काम करत होते का हे तपासता येत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे साखळी पूर्ण असावी लागते. निरोगी अंडाशयातसुद्धा इस्ट्रोजेन एकट्या पेशीचे काम नसते: थीका पेशी अँड्रोजेन बनवतात आणि शेजारच्या ग्रॅन्युलोसा पेशी ते घेऊन अ‍ॅरोमाटेजने त्याचे इस्ट्रोजेन करतात. म्हणून गाठीच्या पेशींत फक्त अ‍ॅरोमाटेज सापडले, तर पुढचा प्रश्न विचारावा लागतो, की अँड्रोजेन आले कुठून?

कधी कधी उत्तर गाठीच्या बाहेर असते. दुसऱ्या अवयवातून अंडाशयात पसरलेला कर्करोग किंवा श्लेष्मल, म्हणजे चिकट द्राव बनवणाऱ्या, प्रकारची गाठ स्वतः स्टेरॉइड बनवत नाही, पण तिच्या दाबाने किंवा तिने सोडलेल्या रसायनांमुळे भोवतालची अंडाशयाची आधार-ऊती जागी होते आणि संप्रेरके बनवू लागते. रुग्णाला लक्षणे दिसतात, रक्तातली पातळी वाढते, आणि गाठीवर आळ येतो. इथे विकरांचे रंगीत काप खरोखर डोळे उघडतात, कारण तपकिरी रंग गाठीच्या पेशींत न उमटता त्यांच्या मधल्या पट्ट्यांत उमटतो. पेशीपेशीचे असे पत्ते रक्ततपासणीला कधीच सांगता येणार नाहीत.

रिपोर्टमध्ये 'ईआर पॉझिटिव्ह' आहे, म्हणजे इस्ट्रोजेन सापडले ना?

हा गैरसमज फार लोकांचा होतो आणि त्यात त्यांचा दोष नाही, कारण शब्दच तसा आहे. ईआर म्हणजे इस्ट्रोजेनचा ग्राहक, म्हणजे पेशीतले ते प्रथिन जे आलेले इस्ट्रोजेन पकडते आणि त्याचा निरोप वाचते. घरात रेडिओचा संच आहे म्हणून त्या घरातून कार्यक्रम प्रसारित होतो असे आपण म्हणत नाही. ईआर पॉझिटिव्ह असलेली गाठ इस्ट्रोजेन ऐकू शकते. ती स्वतः इस्ट्रोजेन बनवते की नाही, याबद्दल हा शब्द काहीच सांगत नाही. उलट बाजूही खरी आहे, की भरपूर इस्ट्रोजेन बनवणारी गाठ ईआर निगेटिव्ह असू शकते.

मग जुन्या ब्लॉकवरून काय विचारता येईल?

ब्लॉकमध्ये संप्रेरक शोधून द्या, असा आग्रह धरू नये. गाठीचा नेमका प्रकार कोणता, तिच्या किंवा भोवतालच्या पेशींमध्ये स्टेरॉइड विकरे दिसतात का, आणि लागू असेल तर फॉक्सएल-२ चा बदल आहे का, हे प्रश्न विचारण्यासारखे आहेत आणि ब्लॉक जुना असला तरी त्यांची उत्तरे बऱ्याचदा मिळतात. गर्भाशयाच्या अस्तराचा नमुना त्याच वेळी घेतला असेल तर तो पुन्हा पाहावा. जाड झालेले अस्तर हा इस्ट्रोजेनने प्रत्यक्ष केलेल्या कामाचा पुरावा असतो, आणि तो ब्लॉकमध्ये पूर्ण टिकतो.

ज्यांची शस्त्रक्रिया अजून व्हायची आहे आणि ज्यांना अचानक दाढीमिशा फुटणे, आवाज घोगरा होणे, लहान मुलीत वेळेआधी वयात येण्याची चिन्हे दिसणे किंवा पाळी गेल्यानंतर रक्तस्राव होणे अशी लक्षणे आहेत, त्यांच्या बाबतीत रक्ताचा नमुना गाठ निघण्याआधी घेणे अत्यावश्यक असते. गाठ निघाल्यावर रक्तातली स्टेरॉइडची पातळी झपाट्याने उतरते आणि ती संधी परत येत नाही. प्रौढ स्त्रीच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन दर डेसिलिटरला २०० नॅनोग्रॅमच्या वर गेले असेल, तर डॉक्टर अँड्रोजेन बनवणाऱ्या गाठीचा कसून शोध घेतात. हा आकडा शस्त्रक्रियेआधीच्या एका नळीतून मिळतो. संप्रेरक ऊतीतच मोजायचे असेल, तर निदानाला बाधा येणार नाही इतका छोटा तुकडा फॉर्मॅलिनचा स्पर्श होण्याआधी बाजूला काढून द्रव नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअसला, गोठवावा लागतो आणि नंतर उणे ८० अंशांच्या शीतपेटीत ठेवावा लागतो. हा निर्णय गाठ बाहेर निघाल्यावर आणि ती फॉर्मॅलिनच्या बरणीत पडण्याआधीच्या काही मिनिटांत घ्यायचा असतो, आणि त्यासाठी शल्यचिकित्सक व विकृतिशास्त्रज्ञ यांचे बोलणे आदल्या दिवशीच झालेले असावे लागते.